झेंड्याची गाडी आणि कागदाच्या दोन पट्ट्या

आमच्या घरात रद्दी म्हणजे पत्रकं. जोडाक्षरं मी शिकले ती 'धिक्कार' आणि 'निष्क्रिय' या शब्दांवर. ही पत्रकं नाना, म्हणजे माझे वडील, ज्या मोटरसायकलवरून राजुरीपासून अवसरीपर्यंत वाटत फिरले, ती अजून आमच्या पडवीत आहे. दोन सिलिंडर, दोन सायलेन्सर, दोन कार्बोरेटर. दोन्ही कार्बोरेटर सारखे लावले तर गाडी मांजरीसारखी गुरगुरते. जरा फरक पडला की एक सिलिंडर राबतो आणि दुसरा कमिटीवर घेतल्यासारखा नुसता सोबत फिरतो.

जयंतीच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून हीच गाडी सगळ्यांच्या पुढे असते, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. गेल्या वर्षी ती वेशीत बंद पडली आणि मागचा डीजेचा पिकअप तिच्यावर येता येता थांबला. कमिटीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊच. यंदा तो घरी येऊन म्हणाला, "नाना, राग मानू नका. पण औंदा गाडी बंद पडली तर झेंडा पिकअपवर. कायमचा."

झेंडा पिकअपवर म्हणजे नाना गर्दीत, हे त्यांना कळत होतं.

"आधी तुमचा डीजे बंद करा," मी म्हणाले. "माझं पत्रक वाचलंस का?"

"वाचलं की, ताई."

"कुठपर्यंत?"

"वरचं मोठं अक्षर वाचलं. लई कडक हाय."

मोठं अक्षर होतं 'डीजे नको!' खाली मी विचारांची मिरवणूक आणि आवाजाची मिरवणूक यांतला फरक चार परिच्छेदांत मांडला होता आणि शेवटी बहिष्कार जाहीर केला होता. पोरांनी वाटायला नेलेला गठ्ठा तसाच परत आला. वर चहाच्या कपाचा गोल डाग तेवढा वाढला होता.

जयंतीच्या दिवशी सकाळी नानांनी गाडी अंगणात घेतली. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत जाताना होणारी सूं ऐकायची, स्क्रू पाव आटा फिरवायचा, मग दुसऱ्या बाजूला जायचं. आपल्या कानाचा त्यांना भलता गर्व.

"मी चहा घ्या म्हणून कवाधरनं हाका मारतीय, त्या न्हाई ऐकू येत," आई म्हणाली. "कारबेटरचा श्वास बरा ऐकू येतो!"

सूं जुळली. आता पडताळा. दोन्ही सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची एकेक पट्टी बांधायची. दोन्ही सारख्या फडफडल्या तर दोन्ही सिलिंडर सारखे चालतात. नानांनी कात्री घेतली आणि माझ्या पत्रकाचं शीर्षक मधोमध कापलं.

"नाना, ते पत्रक आहे!"

"मग? पातळ कागूद हाय, झ्याक फडफडतंय."

डाव्या बाजूला 'डीजे', उजव्या बाजूला 'नको'. दोन्ही एका लयीत हलत होते. नाना खूश झाले आणि तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी गाडी बंद पडल्याचं त्यांना स्वतःला कळलंच नव्हतं. डीजेपुढं कसलं इंजिन आणि कसला कान! मागून पोरांनी ढकललं तेव्हा समजलं.

"पट्ट्या ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तू मागनं बघत चाल. कागद पडला की मला थापटायचं. मी रेस देतो."

"माझा बहिष्कार आहे."

"कुणाला म्हाईत हाय?"

खरं होतं. बहिष्कार चौथ्या परिच्छेदात होता.

संध्याकाळी मी झेंड्याच्या मागे चालत होते. पुढे निळा धूर, मागे छाती हलवणारा डीजे. घोषणांकडे लक्ष नाही, भाषणाचा पत्ता नाही. नजर दोन पट्ट्यांवर. तेलकट होऊन त्या जड झाल्या की मिरवणूक थांबेल तिथे पिशवीतून नवं पत्रक काढायचं, फाडायचं आणि बांधायचं. माझं लिखाण इतक्या वेगानं कधीच खपलं नव्हतं.

वेशीत पोरं नाचायला थांबली ती हलेचनात. आणि 'नको' मलूल होऊन खाली लोंबलं. 'डीजे' मात्र जोरात फडफडत होता. मी ओरडले, माझं मलाच ऐकू आलं नाही. मग नानांच्या पाठीत असा धपाटा घातला की शेजारच्या बायका बघत राहिल्या. नानांनी रेस दिली. काळा धूर माझ्या तोंडावर आला, गाडी दोनदा खोकली, आणि 'नको' उठून बसलं.

गाडी विहारापर्यंत बंद न पडता गेली. चुलतभाऊ सायलेन्सरशी वाकला. "नाना, ह्या पट्ट्या कसल्या?"

"तुमच्या विरोधातलं पत्रक हाय."

तो हसला. "झेंडा नानांकडंच राहील. पण ताई, पुढल्या साली मागं चालायला तू लागणार बरं का."

हा तत्त्वाचा प्रश्न आहे, विचार करून सांगते, असं मी म्हणाले. घरी आले तेव्हा नाना उरलेला गठ्ठा ओल लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळत होते.