गॅसची गोळी मी घेत होतो, माधव घेत नव्हता

"तुमच्या रक्तात मॅग्नेशियम फार कमी आहे," नांदेडच्या खासगी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. "याला हायपोमॅग्नेसेमिया म्हणतात. स्नायू आणि हृदय नीट चालायला हा क्षार लागतो. नसांना लागणारं बी-ट्वेल्व्हसुद्धा तळाला गेलंय."

सलाईन लावलेल्या माझ्या हाताची बोटे तेव्हाही आखडलेली होती. ती कधी मोकळी होतील, एवढेच मी विचारले. मला उदगीरला जायचे होते.

लातूरला रेल्वेने पाणी येत होते, तो उन्हाळा. मी तेथील एका दैनिकात बातमीदार होतो. उदगीर वेगळा जिल्हा होणार, ही जुनी चर्चा पुन्हा वर आली होती आणि आमच्या दैनिकाने तेथे कार्यालय उघडायचे ठरवले होते. प्रमुखपदासाठी दोन नावे होती, माझे आणि माधवचे. मी मूळचा उदगीरचा. माधव भोकरचा, माझ्यापेक्षा बराच धाकटा, आणि माझ्याच हाताखाली शिकलेला.

आजाराची सुरुवात तळपायांच्या मुंग्यांनी झाली. मग पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. पापणी आपोआप फडफडायची. एका पत्रकार परिषदेत पेन धरलेली बोटे आत वळली ती सरळ होईनात.

"आप्पा, ऱ्हाऊ द्या, मी लिहितो," शेजारी बसलेला माधव म्हणाला.

त्याने लिहिले. बातमी दोघांच्या नावाने छापून आली. त्याचे नाव वर होते. पोटऱ्यांतल्या गोळ्यांपेक्षा ते जास्त दुखले.

दुखण्याचे कारण मला ठाऊक होते, असे मी समजत होतो. टँकरच्या पाण्याने आजार वाढल्याची बातमी त्याच उन्हाळ्यात मी दिली होती. शहरात कोणाचे काहीही दुखले तरी बोट टँकरकडे जायचे. नांदेडला राहणाऱ्या बहिणीने तिथल्या दवाखान्यात दाखल केले, तेव्हा ते कात्रण माझ्या खिशात होते. डॉक्टरांनी ते शेवटपर्यंत वाचले.

"बातमी कोणाची?"

"माझीच."

"म्हणजे निदान तुमचं आणि पुरावाही तुमचाच," ते म्हणाले आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या.

अहवाल आले त्या दुपारी माधव भेटायला आला. येताना मिरचीची भजी आणली होती. मला चालणार नाहीत हे कळल्यावर त्याने ती खाटेजवळ बसून स्वतः संपवली.

"लई बेस हाय इथं, आप्पा. पंखा हाय, नळाला पाणी हाय. मी पण भरती होतो."

मग हात पुसत म्हणाला, "संपादक साहेबांनी मला उदगीरला जागा बघायला सांगितलंय. तुम्ही उठेपर्यंतच."

तो गेल्यावर डॉक्टर आले. घरात किंवा कार्यालयात आणखी कोणाला असा त्रास आहे का, असे त्यांनी विचारले. मी माधवबद्दल सांगू लागलो. तो त्याच टँकरचे पाणी पितो. त्याच गाड्यावर खातो, तिखट माझ्या दुप्पट. पाने छपाईला गेल्यावर माझ्याबरोबरच जेवतो. झोपही माझ्याइतकीच. त्याला काही होत नाही.

"तुम्ही त्यांच्यावर चांगलं लक्ष ठेवलंय," डॉक्टर म्हणाले. "मग तुम्ही असं काय घेता, जे ते घेत नाहीत?"

मी दिवसभराचे खाणेपिणे मनातल्या मनात मोजू लागलो. गॅसची गोळी.

दाखल होताना चालू औषधे विचारली होती, तेव्हा मी "काही नाही" असे सांगितले होते. ते खोटे बोलणे नव्हते. आमच्या कार्यालयात ती गोळी औषधात मोजतच नसत. टेबलाच्या खणात सुपारीच्या डबीशेजारी तिचे पाकीट असे. संपले की चहा सांगायला जाणारा माणूस मेडिकलमधून नवे आणी. छातीतल्या जळजळीसाठी मला ती एका डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरती दिली होती. त्यानंतर वर्षे गेली. थांबा असे कोणी म्हणाले नाही, आणि मीही विचारले नाही.

"या औषधांना प्रोटॉन पंप इनहिबिटर म्हणतात," डॉक्टरांनी सांगितले. "जठरात आम्ल सोडणारे पंप ती बंद ठेवतात. पण अन्नातलं बी-ट्वेल्व्ह सुटं व्हायला तेच आम्ल लागतं. वर्षानुवर्षं घेतली तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं. हाडं ठिसूळ होण्याची, क्वचित मूत्रपिंडाला त्रास होण्याची शक्यता असते. प्रत्येकाला होतं असं नाही. तुम्ही शाकाहारी, बी-ट्वेल्व्ह आधीच काठावर असणार. टँकरवर टाकलात तसा सगळा दोष गोळीवरही टाकू नका."

मत्सराने केलेले निरीक्षण तपासणीच्या कामी आले. याची नोंद दवाखान्याच्या कागदावर नाही, म्हणून येथे करतो.

शिरेतून मॅग्नेशियम दिल्यावर बोटे हळूहळू सुटली. रोज सकाळी बहीण आमचा पेपर आणायची. पहिल्या पानावर उदगीरची बातमी आणि माधवचे नाव असायचे. मी चुका शोधत वाचायचो. एकदा एका गावाचा तालुका चुकला होता. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

गोळी एकदम बंद न करता कमी करत नेली. तशी केली तरी पोटातले आम्ल काही काळ उसळतेच, हे डॉक्टरांनी आधी सांगितले होते म्हणून धीर धरता आला. पाने लावण्याआधी जेवू लागलो. खाटेची उशाकडची बाजू उंच केली. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शने घेतली. पायांच्या मुंग्या सर्वात उशिरा कमी झाल्या. पूर्ण गेल्या आहेत असे आजही म्हणता येत नाही.

ज्यांना अल्सर आहे, पोटात रक्तस्राव झालेला आहे, त्यांनी हे वाचून गोळी मनाने बंद करू नये. त्यांना ती लागते. इतरांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढेच विचारावे, की ही गोळी मी अजून का घेतो आहे.

उदगीर माधवला मिळाले. "तुमच्या तब्येतीचा विचार केला," संपादक म्हणाले. निर्णय चुकीचा नव्हता. मला तो आवडला नाही, इतकेच.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. नव्या जिल्ह्याच्या मागणीवरून तेथे रोज बैठका होत होत्या. प्रत्येक गटाचा चहा त्याला घ्यावा लागत होता.

"आप्पा, छातीत लई जळजळ व्हायलीय. रात्री झोप न्हाई. तुम्ही ती कोणती गोळी घेत होतात?"

मला चांगला धडा मिळालेला होता, आणि तरीही त्याची तक्रार ऐकून आधी मला बरेच वाटले. नाव सांगून फोन ठेवता आला असता. त्याने ते मेडिकलमध्ये जाऊन सांगितले असते आणि खणात पाकीट ठेवले असते.

"नाव विचारू नको," मी म्हणालो. "उद्याच डॉक्टरला दाखव. त्यांनी गोळी दिली तर कधीपर्यंत, ते तिथंच विचार. मुदत संपली की परत जा. मी उद्या संध्याकाळी फोन करतो, गेलास की नाही ते सांग."



"आप्पा, तुम्ही हसायलाव काय?"

"थोडा," मी म्हणालो. "उद्या जा मात्र."