हिरामणचं पाखरू

पोशीरचा हिरामण कशेळे-कर्जत जीप चालवतो. माणूस इतका सरळ, की गाडीला उशीर झाला तर पॅसेंजरच्या आधी स्वतःवर चिडतो. असल्या माणसाला ऐन पन्नाशीत नाद लागला, तोही पाखराचा. कशेळ्याच्या स्टँडमागं जास्वंद आहे, तिच्यावर शिंजीर येतो. अंगठ्याएवढा जीव, जांभळा गळा, पिवळंधमक पोट. वाकडी चोच फुलात खुपसली की हिरामण खुळाच. जीपचा नंबर लागेपर्यंत मोबाइल रोखून उभा. पण ते बेणं एका जागी थांबेल तर शपथ! त्यात बायकोचा, वनिताचा फोन वाजला की भुर्र. म्हणून हा फोन कट करायचा.

शेवटी वनितानं दुसऱ्या ड्रायव्हरला, सदूला फोन लावला. सदू भोळेपणानं म्हणाला, "वहिनी, भाऊ पाखराच्या मागं हायत. रोजच असत्यात. फोटो काढत्यात."

आता स्टँडवर पाखरू म्हटल्यावर पंखवालं कुणाच्या डोक्यात येतं हो? वनितानं तव्यावरची भाकरी तव्यावरच सोडली आणि मिळेल त्या गाडीनं कशेळं गाठलं. हिरामण झाडाशी एकटाच हसत उभा. मोबाइल हिसकावून ती म्हणाली, "दाखवा, कुठली हाय ती."

हिरामणनं हौसेनं दाखवलं. पुसटशी शेपटी, स्वतःचा अंगठा आणि बाकी नुसती जास्वंदीची फुलं. फुलं बघून तर ती आणखीच पेटली. अठ्ठावीस वर्षांत तिच्यासाठी ह्यानं एक फूल आणलं नव्हतं. हिरामण शिंजीर शिंजीर म्हणत राहिला, तर तिला वाटलं, त्या बयेचं नावच सांगतोय. रडू आवरत ती जीपमध्ये पुढं बसली. आत्ताच्या आत्ता माहेरी सोडा म्हणाली. हिरामण मागच्या चाकाशी जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात शिंजीर आला आणि थेट जीपच्या बाजूच्या आरशावर बसला. आत दुसरा शिंजीर. झालं, ह्याचं डोकं फिरलं. पंख फुलवून काचेवर टकाटक चोच.

वनिता वीतभर अंतरावरून बघत राहिली. मग पदर तोंडावर धरून अशी हसली, की डोळ्यांतलं पाणी गालावर आलं.

"ह्ये बी माझ्यावाणीच," ती हळूच म्हणाली. "नसलेल्या सवतीशी भांडतंय."

मोबाइल तिच्याच हातात होता. तिनं बटण दाबलं. पाखरू लख्ख आलं, आणि आरशात मागं हात जोडून उभा असलेला हिरामणसुद्धा.

जीप भरली. सदू निघायला हाका मारू लागला. वनितानं मोबाइल न हलवता त्याला गप्प केलं.

"थांबा भावजी. आता मीबी पाखराच्या मागं हाय."