व्याह्यांचा पहिला प्रवाळ

घरातल्या छोट्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पहिला प्रवाळ कोणता ठेवावा, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. समुद्रापासून एवढ्या दूर असलेल्या धाराशिवात हा प्रश्न कोणाला पडेल असे मला वाटले नव्हते. तो माझ्या व्याह्यांना पडला. उत्तराआधी माणूस सांगणे भाग आहे, कारण घाई न करण्याच्या कलेत व्याह्यांची बरोबरी करणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. एका माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत त्यांनी सहायक म्हणून सगळी नोकरी केली आणि निवृत्त होताना प्रयोगशाळा जणू घरी घेऊन आले. चहात साखर घालताना चमच्यावरचा ढीग ते पोस्टकार्डाने सपाट करतात. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक बरणीवर त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी आहे; रिकाम्या बरणीवर ‘रिकामी’ अशी. एकदा मी विचारले, “व्याहीबुवा, ती रिकामी आहे हे दिसतेच की.” ते शांतपणे म्हणाले, “सर, दिसणं येगळं आणि नोंद येगळी.” मी सगळे आयुष्य शाळेत शिकवले, पण हे वाक्य मी घरी जाऊन वहीत उतरवून घेतले.

टाकी आली ती निवृत्तीनंतर. आकाराने बेताची, तीन बादल्या पाणी मावेल एवढी. त्याआधी काचेच्या भांड्यात त्यांनी दोन सोनेरी मासे पाळले होते आणि ते आठवड्याच्या आत गेले होते. विहीणबाईंनी त्यांना परसात पुरले, वर तुळशीचे पान ठेवले आणि अट घातली, “आता ह्या घरात पाण्यातला एक जरी जीव मेला, तर टाकी त्याच दिवशी भंगारात. सांगून ठिवते.” त्या बोलल्या म्हणजे बोलल्या, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. त्यामुळे पहिला प्रवाळ चुकला की समुद्र कायमचा गेला, एवढा साधा हिशेब होता.

नव्या टाकीतले पाणी जिवंत प्राण्यासाठी तयार व्हायला काही आठवडे लागतात. व्याह्यांनी अकरा महिने घेतले. शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवून, तळाशी दगड रचून, ते रोज त्या पाण्याची परीक्षा घेत. बाष्प होऊन पाणी कमी झाले की मीठ मागेच राहते, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, हे त्यांनी मला किमान वीस वेळा समजावले. शेजारी येत, काचेला नाक लावून मासे शोधत आणि विचारत, “काका, ह्यात हाय काय?” व्याही म्हणत, “पाणी हाय.” आपण पोवळे ठेवणार आहोत असे त्यांनी सांगितल्यावर शेजारच्या सराफांनी आस्थेने विचारले, “मंगळ कडक हाय का काय तुमचा?”

निवड त्याहून सावकाश झाली. फांद्याफांद्यांचे, दगडी सांगाड्याचे प्रवाळ दिसायला देखणे. पण त्यांना प्रखर दिवा लागतो, पाण्यातला थोडाही बदल सोसत नाही, शिवाय त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. हे शेवटचे व्याह्यांनी वनखात्याच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारले. तिथला कारकून हातातले पेन खाली ठेवून म्हणाला, “काका, आपल्याकडं हरणाचं विचारत्यात, मोराचं विचारत्यात. तुमी पहिलेच.” अखेर अळंबीसारखा दिसणारा, सांगाडा नसलेला, मंद उजेडात राहणारा मऊ प्रवाळ ठरला. पुण्यातल्या एका बाईंनी तो आपल्या टाकीत वाढवला होता. रुपयाएवढा तो तांबूस तुकडा घरी आल्यावर व्याह्यांनी खिळ्याला सलाईनची नळी अडकवली आणि त्याला सवय व्हावी म्हणून शेजारी बसून टाकीतले पाणी त्याच्या भांड्यात थेंबथेंब सोडले. विहीणबाई दारातून म्हणाल्या, “माझ्या बाळंतपणात एवढं बसला नव्हता.”

पंधरा दिवसांनी आम्ही तिघे सकाळच्या बसने तुळजापूरला दर्शनाला गेलो. रांग निम्मी सरली असताना व्याही एकाएकी थांबले. चेहरा पांढरा पडला होता.

“सर, म्या मेन बंद केला.”

नोकरीभर रोज प्रयोगशाळेतून शेवटी बाहेर पडताना त्यांनी मुख्य स्विच खाली ओढला होता, कारण तसा नियम होता. त्या सकाळीही घराला कुलूप लावण्याआधी हात आपोआप गेला होता. टाकीतला पंप, दिवा, पाणी थंड ठेवणारा पंखा, सगळे चार तास बंद होते आणि बाहेर एप्रिल होता. तरी ते रांगेतून हलेनात. बायकोकडे न पाहता म्हणाले, “दर्शन झाल्यावरच जाऊ.”

विहीणबाईंनी त्यांच्या हातातली ओटी काढून घेतली. “आई कुठं पळून चाललीय व्हय? जावा तुमी. सर, ह्यांना घेऊन जावा, मी येते मागनं.”

आम्ही पोहोचलो तेव्हा पाणी कोमट झाले होते आणि प्रवाळ आक्रसून सुपारीएवढा उरला होता. व्याह्यांनी स्विच वर केला, पंखा लावला आणि टाकीसमोर स्टूल घेऊन बसले. दुपारी विहीणबाई आल्या. चपला काढण्याआधीच त्यांनी विचारले, “हाय का?”

“अजून सांगता येत न्हाय.”

त्या शेजारी बसल्या. काचेकडे पाहतच म्हणाल्या, “गेला तरी टाकी ऱ्हाऊ द्या. तुमचं बी दुसरं काय हाय आता.” व्याह्यांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत प्रवाळाची कड किंचित उलगडली. चार दिवसांनी तो पूर्ण पसरला. नाजूक जातीचा असता तर वाचला नसता, असे मला वाटते. म्हणून माझे उत्तर असे : पहिला प्रवाळ अळंबीसारखा, मऊ आणि सोशिक घ्यावा, आपल्या हातून चूक होणार आहे हे धरून घ्यावा. आता दुपारी टाकीतला दिवा लागला की दोघे तिथेच चहा घेतात. मात्र माझे उत्तर एका टाकीवरून आणि एका घरावरून काढलेले आहे. वाचकांनी ते तसेच मानू नये. आपल्याकडचे पाणी, उजेड आणि उन्हाळा पाहून स्वतः पडताळून घ्यावे, ही विनंती.