मंगळवार-शुक्रवारची वीस मिनिटं

“मॅडम, मंजुळाची गोधडी आजही ओली!” आश्रमशाळेच्या अधीक्षिका मला जीपमधून उतरूही देईनात. “होळीपर्यंत बघते, नाहीतर तिला घरी पाठवते. बाकीच्या मुली तिच्याजवळ झोपत नाहीत.”

“घरी कोण आहे?”

“कुणी नाही. आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर. गावी, दाभोशाला, घराला कुलूप.”

मंजुळा दहा वर्षांची. मी तेव्हा जव्हारच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मंजुळाच्या मूत्राशयाला धीर नव्हता. ते अर्धं भरलं की आकसायला लागे, आणि ही वर्गात टाचेवर बसून लघवी दाबून धरी. दिवसा कपडे ओले, रात्री गोधडी. तपासण्या सगळ्या नॉर्मल. औषधाने तोंड कोरडं पडून ती जेवेना, म्हणून डॉक्टरांनी तिला माझ्याकडे सोपवलं.

माझं मशीन साबणाच्या डबीएवढं. कमरेखाली, माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना चिकट पॅड लावायचे आणि बॅटरीवर अगदी सौम्य करंट सोडायचा. मूत्राशयाच्या नसा तिथूनच निघतात. त्यांना असं चाळवत राहिलं की ते आकसणं कमी होतं; सगळ्यांचंच होतं असं नाही. दुखत नाही, मुंग्या आल्यासारखं वाटतं. मंगळवारी आणि शुक्रवारी, दवाखान्याच्या जीपने शाळेत जाऊन, वीस मिनिटं.

त्या वीस मिनिटांत मंजुळा बाकावर पालथी पडून अखंड बोलायची. मीही बोलायचे. क्वार्टरवर मला बोलायला भिंती होत्या. माणसांना कंटाळून मी ही बदली मागून घेतली होती. मिळाल्यावर माणसांवाचून कंटाळले.

दोन महिन्यांत तिचं वर्गातून पळणं थांबलं. टाचेवर बसणं गेलं. अधीक्षिका ठेवायच्या त्या रात्रीच्या वहीत मात्र रोज ‘ओली’ची खूण. माझं डोकं चालेना. अधीक्षिकांनी होळीची मुदत घातली त्या दिवशी मी शाळेच्या मागे जाऊन दोरीवरची गोधडीच नाकाशी नेली. ओलीचिंब होती, पण वास नुसता विहिरीच्या पाण्याचा.

मंजुळाला बाजूला घेतलं. “गोधडीवर पाणी कोण ओततं ग?”

ती मशीनच्या वायरीकडे बघत राहिली. “मी.”

“का?”

“बरा झाला त तुमी येनार नाय.”

“अगं, होळीला काढून टाकतील तुला!” मी ओरडलेच. राग आला होता. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं होतं. त्या मुलखात कुणीतरी माझी वाट बघत होतं. आणखी दोन महिने उपचार लिहिणं माझ्याच हातात होतं, आणि मोह झाला.

तरी फाइलवर ‘उपचार पूर्ण’ लिहिलं. अधीक्षिकांना म्हटलं, “आता तिची गोधडी रोज तुम्ही स्वतः बघा.” पाण्याचं सांगितलं नाही. निघताना मंजुळाने माझ्याकडे पाहिलं नाही.

पेशंट नाही म्हणजे जीप नाही. तिसऱ्या रविवारी खोडाळ्याची एसटी पकडून गेले. गोधडी रोज कोरडी होती. अधीक्षिकांनी घरी पाठवायचा विषयही काढला नाही. मंजुळाने माझी पिशवी उघडून पाहिली आणि सवयीने बाकावर पालथी पडली.

“मशीन नाही आणलं ग.”

“मंग कशाला आलेत?”

“सहज,” मी म्हटलं. तिला ते काही पटलं नाही. तिच्याकडे सहज असं कुणी कधी आलंच नव्हतं.

तेव्हापासून लहान पेशंटला मी पहिल्याच दिवशी सांगते, बरं झाल्यावरही एकदा येईन म्हणून. नाहीतर मुलं बरं होणं लांबवतात. लांबवतो आम्हीही, पण आमच्याकडे फाइलवर लिहायला कारणं असतात.