खंडेनवमीला काढलेली टिक

आमच्या पॅथॉलॉजी लॅबचे कॉम्प्युटर सांभाळायला एक गृहस्थ कन्नड गावाहून एसटीनं येतात. सर्व्हरच्या खोलीत चपला काढूनच शिरतात, आणि काहीही विचारलं तरी म्हणतात, "बॅकअप हाय ना मॅडम, मग नाय घाबरायचं."

परवा सर्व्हर बंद पडला तो चालूच होईना. त्यांनी बॅकअपमधून अख्खं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरची हुबेहूब नक्कल, परत उभं केलं. पडद्यावरचा गणपतीसुद्धा जिथल्या तिथं आला, पण रुग्णांचा डेटाबेस उघडेना. तो दुसऱ्या डिस्कवर होता, आणि त्या डिस्कचा शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा निघाला. एवढ्या लोकांचे रिपोर्ट गेले होते.

त्यांनी बॅकअपमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी उघडली. मग म्हणाले, "खंडेनवमीला पूजा केली, तवा मशीनला एक दिवस आराम म्हून या यादीतली त्या डिस्कची टिक मीच काढली व्हती. परत लावायची राहिली."

खोलीत त्यांच्याशिवाय आम्ही चौघं होतो, आणि त्या यादीतलं आम्हाला कुणालाच काही कळत नव्हतं. सॉफ्टवेअरनं दगा दिला असं ते म्हणाले असते, तर आम्ही चौघांनी माना डोलावून त्यांना चहा पाजला असता.