घरच्या पाण्याची बाटली

बारके,

हे पत्र तुला आहे. तुला जाऊन आठ महिने झाले, तेव्हा तू ते वाचणार नाहीस, हे मला कळतं. माझं वय झालंय, डोकं गेलेलं नाही. पण तुझ्याबद्दल दुसऱ्या कुणी लिहिलं तर एक तर तुला ठगबाई करतील, नाहीतर एकदम देवी करून ठेवतील. दोन्ही साफ चूक. मी तुझी थोरली वहिनी, चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आणि फळ्यावर चुकीचं उत्तर राहिलं तर मला अन्न गोड लागत नाही. म्हणून मीच लिहिते. मधे मधे बोलू नकोस.

तुझा चेहरा, ही सगळ्याची सुरुवात. बसमध्ये अनोळखी बायका तुझ्या मांडीवर पोर ठेवून बिनधास्त तिकीट काढायला जायच्या. रांगेत चारजण सोडून लोक तुलाच पत्ता विचारायचे. साबणाच्या कारखान्यात वड्या कागदात गुंडाळायचं तुझं काम सुटलं, तेव्हा तू एकदा भांड्यांच्या दुकानात शिट्टीची किटली बघायला गेलीस. बघितलीस, उलटी केलीस, झाकण वाजवलंस, आणि घेतली नाहीस. तुझ्या मागे उभ्या असलेल्या तीन बायकांनी मात्र घेतली. दुकानदार काही आंधळा नव्हता. त्याने तुला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "दर शनिवारी येऊन एवढंच कराल का?"

तेव्हापासून तू गिऱ्हाईक झालीस. म्हणजे पगारी. दुकानाच्या पुढच्या दाराने आत जायचं, वस्तू घ्यायची, आणि मागच्या दाराने परत करायची. नऊ वर्षं.

ते कामही तू जीव लावून करायचीस, हे मी कबूल करते. तुझे नियम होते. आल्या आल्या कौतुक करायचं नाही, आधी नाक मुरडायचं. दुसरी बाई ज्या वस्तूकडे बघत असेल तीच नेमकी हातात घ्यायची आणि खाली ठेवायची नाही. जो प्रश्न विचारायला लोक लाजतात तोच मोठ्याने विचारायचा: "मूठ तापते का हो? खरं सांगा हं." आणि काही झालं तरी कुणाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, बघितलं की हसू येतं, असं तू म्हणायचीस. हसू येतं की आणखी काही, ते मी तेव्हा विचारलं नाही.

संध्याकाळी तू पहिल्या मजल्यावरच्या तुझ्या खोलीतून दोन जिने चढून आमच्याकडे यायचीस. तुझा दादा दारातच अडवायचा.

"आलं आमचं गिऱ्हाईक! आज काय काय खरेदी?"

"अकरा किटल्या."

"आणि घरात चहा कशात करतेस? त्या पोचा आलेल्या पातेल्यात, मुठीला फडकं गुंडाळून. एक तरी आणायचीस!"

"परत द्याव्या लागतात रे, दादा."

"अकरा वेळा घेऊन अकरा वेळा परत! तुझ्यासारखी बाई माझ्या दुकानात आली असती तर मी दुकानच बंद केलं असतं."

"तुझं दुकान आहे कुठे?"

आम्ही तिघंही हसायचो. मीही हसायचे. तुझ्या पगाराच्या पाकिटातून आलेला टेबलफॅन माझ्याच खोलीत फिरत होता, आणि त्याचा वारा मला काही खोटा लागला नाही. तेव्हा तुझ्यावर बोट दाखवण्याआधी ते बोट मी स्वतःकडे वळवते.

पुढे तुला पाण्याच्या यंत्रवाल्यांनी उचललं. भाड्याचं सभागृह, येणाऱ्या प्रत्येकाला एक चमचा फुकट, आणि स्टेजवर टायवाला. तो टेबलावर दोन ग्लास ठेवायचा. एकात त्याच्या यंत्राचं पाणी. दुसऱ्यासाठी तो विचारायचा, "कुणी घरचं पाणी आणलंय का?" तू हात वर करायचीस. तो वर बोलावायचा तो फक्त तुलाच. दुसरं कुणी बाटली घेऊन आलंच तर त्यांच्याकडे त्याचं लक्षच जायचं नाही. मग तो विजेच्या वायरला जोडलेल्या दोन लोखंडी दांड्या दोन्ही ग्लासांत सोडायचा. यंत्राचं पाणी जसंच्या तसं. तुझं पाणी मिनिटाभरात तपकिरी, वर घाणेरडा फेस. तू तोंडावर हात ठेवून म्हणायचीस, "अगं बाई! हे मी रोज पिते?" आणि सगळं सभागृह वह्यांवर सह्या करायला पुढे सरकायचं.

एका रविवारी तिसऱ्या रांगेत आपल्या तळमजल्यावरची शिवणवाली बसली होती. तिची दोन वर्षांची मुलगी मांडीवर. तू चेहऱ्यांकडे बघत नव्हतीस. तो तुझा नियम होता.

बुधवारी तुझ्या लक्षात आलं की खालून शिलाई मशीनचा आवाज येत नाही. पहाटे सहापासून खडखडणारं ते मशीन, ज्याच्यावर तू इतकी वर्षं चिडायचीस. तू खाली गेलीस. मशीनच्या जागी फरशीवर चार काळे ठसे होते आणि वर भिंतीवर हिरवा दिवा लावलेलं यंत्र. शिवणवालीने तुझे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच डोळे उघडलेत, ताई. पोरीचं पोट सारखं दुखायचं, मला कळतच नव्हतं कशाने. मशीन विकलं. घेईन पुन्हा कधीतरी." आणि मग तिने ते विचारलं. "तुमचं यंत्र कुठे बसवलंय? येऊ का बघायला?"

तू वर आलीस ती दारातच बसलीस. सगळं ऐकून मी म्हटलं, "परत करायला सांग तिला."

"पेटी उघडली की परत घेत नाहीत. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. मशीन जुन्या सामानाच्या दुकानात आहे, तो सोमवारपर्यंत थांबतो म्हणाला. त्यानंतर दुसरं गिऱ्हाईक आहे." मग तू हळूच म्हणालीस, "पण वहिनी, पाणी तर खरंच घाण आहे ना. तेवढं तरी खरं आहे."

मी तुझ्याकडे बघतच राहिले. "बारके, तुला ते खरं वाटतं?"

"डोळ्यांनी बघते मी दर रविवारी! सहा महिने पाणी तीन तीनदा उकळून पिते."

तेव्हा मला इतका राग आला की मी उभीच राहिले. त्यांनी जगाला फसवायला तुला नेलं आणि पहिल्याच दिवशी तुला फसवलं. मी शाळेतलं बॅटरीचं डबडं काढलं, दोन लोखंडी खिळे काढले. नळाचं पाणी एका ग्लासात. काही वेळाने खिळ्यापाशी तपकिरी धूर पसरावा तसा रंग उतरायला लागला.

"बघ. ही घाण पाण्यातली नाही, खिळ्यातली आहे. वीज गेली की लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो."

"मग त्यांच्या पाण्यात का नाही उतरत?"

"कारण त्यांच्या यंत्राने पाण्यातले क्षार काढलेले असतात. क्षार नसले की वीज नीट वाहत नाही. जा, खालून यंत्राचं पाणी घेऊन ये." तू आणलंस. खिळे टाकले, पाणी स्वच्छ. मग मी त्यात चिमूटभर मीठ टाकलं. पाणी नळाच्या पाण्यापेक्षा जास्त तपकिरी झालं.

तू बराच वेळ त्या ग्लासाकडे बघत होतीस. चौतीस वर्षांत माझ्या वर्गातल्या एकाही मुलीने कुठल्याही प्रयोगाकडे असं बघितलं नाही.

"रविवारी मी वर जाणार," तू म्हणालीस. "बाटली घेऊन." आणि लगेच तुझा चेहरा पडला. "पण मग मला कुठल्याच दुकानात पाय ठेवता येणार नाही."

"नाहीतरी तू दुकानात कुठे जातेस? तू कामावर जातेस."

हे मी फार कठोर बोलले, असं तुझा दादा नंतर म्हणाला. म्हणू दे.

त्या रविवारी मी चौथ्या रांगेत होते, शेजारी शिवणवाली, तिच्या मांडीवर मुलगी हातातला फुकटचा चमचा चाटत. टायवाल्याने विचारलं, "घरचं पाणी कुणी आणलंय का?" तुझा हात वर गेला, नेहमीसारखा. त्याने बाटलीकडे बघितलंही नाही. का बघेल? ती तुझी बाटली होती, म्हणजे त्याचीच. दांड्या सोडल्या. पाणी असं काळवंडलं की पहिल्या रांगेतली बाई मागे सरकली.

"अरेरे," टायवाला म्हणाला. "ताई, सांगा सगळ्यांना, हे पाणी कुठलं?"

"तुमच्या यंत्राचं."

"म्हणजे... नळाचं."

"नळाचं नाही हो, तुमच्याच यंत्राचं. चौथ्या रांगेत ही बसली आहे ना, हिच्या भिंतीवर गेल्या आठवड्यात बसवलंत, त्यातलं. वर माझ्या घरचं चिमूटभर मीठ आहे. आज सकाळी मीठ खाल्लंय ना सगळ्यांनी? मग काळजी नको, कुणी मरत नाही."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. टायवाला माइककडे सरकला. तू माइक सोडला नाहीस.

"बाई, आपण बाहेर बोलू."

"बाहेर नको. इथे माइक आहे." आणि मग तू पहिल्यांदा लोकांच्या चेहऱ्यांकडे बघितलंस. एकेका रांगेकडे. "घाण या दांड्यांत आहे, पाण्यात नाही. मलाही बुधवारपर्यंत माहीत नव्हतं. मी सहा महिने दर रविवारी इथे हात वर करते, त्याचं मला पाकीट मिळतं. मी गिऱ्हाईक नाही. आणि ते मागे उभे आहेत ना, 'शेवटची तीनच उरली' म्हणून ओरडणारे, तेही गिऱ्हाईक नाहीत. आतल्या खोलीत चाळीस खोकी आहेत. जा, मोजा."

एक म्हातारे गृहस्थ खरंच काठी टेकत मोजायला गेले. त्यांनी आतूनच ओरडून सांगितलं, "त्रेचाळीस!"

पुढचं फार नीट झालं नाही, तेही लिहायला हवं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं काही नाही. एक बाई तुझ्या अंगावर आली, "तुझं तोंड बघून मी घेतलं गं, तुझं तोंड बघून!" असं ती म्हणत राहिली, आणि तू मान खाली न घालता तिचा नाव-पत्ता वहीत लिहून घेतलास. तशी तेवीस नावं तू ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कचेरीत घेऊन गेलीस, सात महिने खेटे घातलेस. पंधरा जणींचं यंत्र परत गेलं. आठ जणींच्या तोंडाला पानं पुसली गेली. त्या आठ जणी तुला शेवटपर्यंत तोंडपाठ होत्या.

शिवणवालीचे पैसे मात्र त्याच दुपारी परत मिळाले. अख्खं सभागृह टायवाल्याला घेरून उभं होतं, त्याला दुसरा इलाज नव्हता. सोमवारी सकाळी जुन्या सामानवाल्याने कुलूप काढायच्या आधी तुम्ही दोघी त्याच्या पायरीवर बसल्या होतात. मंगळवारी पहाटे सहाला खडखड सुरू झाली. तू वर येऊन म्हणालीस, "झोप नाही झाली, वहिनी," आणि तुझा चेहरा असा की जणू तुला बक्षीस मिळालंय.

किटलीवाल्याने तुला दुसऱ्याच शनिवारी स्टुलावरून उठवलं. काम गेलं. मग काही दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून आली: "आत्या, गादी घ्यायचीय, जरा बरोबर येता?" तू गेलीस. खोडलेली किंमत बघून दुकानदाराला विचारलंस, "ही वरची किंमत कधी होती? तारीख सांगा." त्याने तारीख सांगितली नाही, गादी मात्र निम्म्याने स्वस्त झाली. मग दर आठवड्याला कुणी ना कुणी तुला घेऊन जायला लागलं. तू दुकानात शिरलीस की विक्रेते आपोआप बसून घ्यायचे. दादा म्हणायचा, "हिला भाड्याने द्या, घर चालेल." पुढची अकरा वर्षं तू तेच केलंस, पाकीट न घेता, पोट भरायला शिवणवालीकडे काजं-बटणं करत होतीस.

पण तुझ्या घरी किटली नव्हतीच. मी एकदा विचारलं, तर म्हणालीस, "वहिनी, स्वतःसाठी दुकानात गेले की काय बोलायचं तेच सुचत नाही. खरं गिऱ्हाईक काय विचारतं?"

"खरं गिऱ्हाईक विचारत नाही. घाबरतं, आणि घेतं."

"मग तुम्ही चला बरोबर. मी घाबरते, तुम्ही घ्या."

शनिवारी जायचं ठरलं. तू मंगळवारी फोन करून पुन्हा विचारलंस, शिट्टीचीच घ्यायची ना? मी म्हटलं, शिट्टीचीच, पण हा शनिवार नको, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, पुढच्या शनिवारी जाऊ. तू म्हणालीस, बरं. गुरुवारी तू झोपेतून उठलीच नाहीस.

शनिवारी मी डॉक्टरकडे गेले. त्याने दोन तास बसवून ठेवलं आणि जे थेंब लिहून दिले, त्याची बाटली माझ्याकडे आधीपासूनच होती.