आत्याची हिरवी बांगडी

मांडूला गेली की कुमुदआत्या बाजारात कुणाला तरी रडवूनच येते. देवासला तिच्या गल्लीतले भाजीवाले तिला लांबून पाहूनच भाव उतरवतात. परवा मांडूत एका दुकानात ती जेड या हिरव्या रत्नाची म्हणून ठेवलेल्या बांगडीपाशी अडली.

"असली जेड है, माँजी," दुकानदार म्हणाला.

"काच है, भिया, काच! मला शिकवतोस?"

बांगडी गालाला लावून, उन्हात धरून तिनं त्या बिचाऱ्याचं डोकं खाल्लं. भाव निम्म्यावर आला तरी हिला पटेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी तो वैतागून म्हणाला, "पहले पहन तो लो." बांगडी घट्ट होती. त्यानं साबणाचं पाणी लावलं, आत्याचा संधिवातानं सुजलेला हात धरला आणि बोटं हळूहळू दाबत बांगडी मनगटावर चढवली.

आणि आत्यानं वाकून त्याला नमस्कार केला! बांगड्या भरून झाल्या की कासाराला नमस्कार करायचा, ही तिची लहानपणापासूनची सवय. तो तिच्या मुलाच्या वयाचा; चटकन मागे सरला. "माँजी, यो कंई करो! जो देना हो दे दो."

आत्या भडकली. "नमस्कार केलेल्या माणसाशी घासाघीस करू?" त्यानं पहिल्यांदा सांगितलेले पैसे तिनं त्याच्या हातावर ठेवले.

गाडीत मी विचारलं, "खरंच जेड आहे का गं?"

"कसलं जेड! काच आहे."

"मग?"

तिनं मनगट माझ्यापुढे धरलं. "किती वर्षांनी बांगडी भरताना हात दुखला नाही गं माझा."